ट्रायलसाठी पेशंटची संमती घेताना: सही सगळ्यात शेवटी

छोट्या शहरांतल्या हॉस्पिटलांमध्ये आता बऱ्यापैकी ट्रायल्स, म्हणजे नवीन औषधं पेशंटवर तपासायचे अभ्यास, चालतात. शंभर-दीडशे बेड, एकदोन उत्साही डॉक्टर, एक कोऑर्डिनेटर आणि फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट, एवढ्यावर साइट, म्हणजे ट्रायल चालवायची जागा, उभी राहते. मी अशाच एका साइटवर अकरा वर्षं कोऑर्डिनेटर आहे. नवीन मुलं-मुली शिकायला येतात तेव्हा एकच गोष्ट परत परत दिसते, प्रोटोकॉल म्हणजे ट्रायलची लेखी योजना पाठ असते, व्हिजिटचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं, पण संमती घ्यायची वेळ आली की फॉर्म पेशंटपुढे सरकवतात आणि म्हणतात, "काकी, इथे सही, इथे सही आणि मागच्या पानावर एक." झालं. पुढे मॉनिटर, म्हणजे कंपनीकडून कागद तपासायला येणारा माणूस, येऊन बसतो, एकेक फॉर्म उघडतो आणि चुका निघायला लागतात, पण तोपर्यंत त्या काकी औषध घेऊन घरी गेलेल्या असतात.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतेय. डायबेटिसच्या एका ट्रायलला एक आजी पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आल्या होत्या, आम्हीच फोनवर तसं सांगितलेलं. त्यांना चक्कर येईल म्हणून आठ वाजताच लॅबवाल्याने रक्त घेतलं, मग चहा-बिस्किट, मग ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसून राहणं आणि साडेअकराला सही. कागदावर ते डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या पद्धतीबाहेर झालेली गोष्ट, म्हणून नोंदलं, ईसीला म्हणजे ट्रायलला मंजुरी देऊन पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीला कळवलं. पण पुढच्या व्हिजिटला आजी बोलता बोलता म्हणाल्या, "रक्त काढलं तवाच वाटलं, आता काय नाही म्हणता येणार नाही. म्हणून दिली सही." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. वेळेची चूक कागदावरची होती, पण त्या चुकीमुळे आजींचा नाही म्हणायचा हक्कच गेला होता.

म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितेय आणि क्रम मोडू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. नियम म्हणेन तिथे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल्सचे २०१९ चे नियम समजा.

टप्पा १: पेशंटला फोन करायच्या आधी कागद

पेशंट समोर बसल्यावर कागद शोधायचे नाहीत. आदल्या आठवड्यात साइट फाइल उघडा आणि या गोष्टी डोळ्यांनी बघा, कुणाच्या तरी सांगण्यावर जाऊ नका.

सीडीएससीओची, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेची परवानगी, म्हणजे सीटी-०६ चं पत्र, फाइलला आहे का आणि त्यात तुमच्या साइटचं आणि तुमच्या पीआय, म्हणजे ट्रायलची जबाबदारी असलेल्या मुख्य डॉक्टरांचं नाव आहे का. ईसीचं मंजुरीपत्र आहे का. आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर पडलाय का, कारण पहिला पेशंट घ्यायच्या आधी तिथे नोंदणी झालेलीच लागते. "नंबर दोन दिवसांत येतोय, तोवर एक पेशंट घेऊन टाकू" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, कितीही मोठा माणूस म्हणाला तरी.

तुमच्या हॉस्पिटलची स्वतःची ईसी नसेल तर दुसऱ्या हॉस्पिटलची किंवा स्वतंत्र ईसी चालते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत असावी लागते आणि सीडीएससीओकडे नोंदलेली असावी लागते. ती नोंदणी ५ वर्षांची असते, तेव्हा ईसीची मुदत कधी संपतेय ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. छोट्या गावांत इथेच गाडी अडकते, मंजुरी मिळालेली असते पण ट्रायल चालू असताना ईसीची नोंदणी संपते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सगळ्यात जास्त चुका होणारी जागा, व्हर्जन. माहितीपत्रक आणि संमतीपत्रक, दोन्हीच्या तळाला व्हर्जन नंबर आणि तारीख छापलेली असते. ईसीच्या पत्रात जो मराठी फॉर्मचा नंबर आणि जी तारीख लिहिलीय, तीच तुमच्या हातातल्या फॉर्मवर पाहिजे. इंग्रजी फॉर्मला मंजुरी आहे म्हणजे मराठीलाही आहे असं धरून चालू नका, पत्रात मराठीचा वेगळा उल्लेख शोधा.

तपासा: जुन्या व्हर्जनच्या झेरॉक्स ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये, डॉक्टरांच्या टेबलावर, सिस्टरच्या ट्रेमध्ये पडलेल्या असतात. नवीन व्हर्जन आलं की त्याच दिवशी सगळ्या गोळा करा. एक प्रत "रद्द" लिहून फाइलला लावा, बाकीच्या फाडून टाका. आमच्याकडे आता कोरे फॉर्म फक्त एका फोल्डरमध्ये असतात आणि त्याची किल्ली माझ्याकडे.

अजून एक, डेलिगेशन लॉग, म्हणजे ट्रायलमधलं कुठलं काम कुणाकडे त्याची यादी. संमती कोण घेणार, समजावून कोण सांगणार, सगळ्यांची नावं आणि सह्या त्यात आधी पाहिजेत, आणि त्यांचं प्रोटोकॉलचं ट्रेनिंग झाल्याची नोंदही. नवीन आलेल्या रेसिडेंट डॉक्टरने "मी घेतो ना संमती" म्हणून सही केली आणि त्याचं नाव लॉगमध्येच नव्हतं, असे फॉर्म मी पाहिलेत.

टप्पा २: मराठी फॉर्म मोठ्याने वाचा

माहितीपत्रक मराठीत असतं पण ते भाषांतराच्या एजन्सीने केलेलं असतं. "यादृच्छिकीकरण", "प्रतिकूल घटना", "सहभागाची स्वेच्छा प्रकृती" असले शब्द वाचून शाळामास्तरसुद्धा गप्प बसतात. आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे चाचणी. आपल्याकडे चाचणी म्हटलं की लोकांना रक्ताची, लघवीची टेस्ट वाटते. "तुम्हाला चाचणीत भाग घ्यायचाय" म्हटल्यावर मान हलवणाऱ्या निम्म्या पेशंटना वाटतं की काहीतरी तपासणी फुकट होणार आहे.

म्हणून ट्रायल सुरू व्हायच्या आधी फॉर्म घेऊन वॉर्डातल्या मावशींकडे बसा. मोठ्याने वाचा. जिथे त्या "म्हंजी?" म्हणतील तिथे पेन्सिलने खूण करा. आमच्या मावशी सातवी शिकलेल्या, त्यांनी एका फॉर्मवर एकोणीस खुणा करायला लावल्या. त्या खुणांसाठी बोलायचे शब्द आधीच ठरवून ठेवा. मी वापरते ते देतेय:

ट्रायलला: "नवीन औषध किती काम करतं, त्याचा काय त्रास होतो, ते बघायचा अभ्यास. औषध अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही."

रँडमायझेशनला: "तुम्हाला कुठलं औषध मिळणार ते कम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी काढल्यासारखं. डॉक्टरांना ते निवडता येत नाही, मलाही येत नाही."

प्लासिबोला: "दिसायला अगदी तशीच गोळी, पण तिच्यात औषध नाही." इथे पुढचा प्रश्न हमखास येतो, "म्हणजे मला खोटी गोळी देणार का?" हो, देऊ शकतात, आणि हे स्पष्ट सांगायचं. त्या काळात नेहमीचं औषध चालू राहणार की नाही हेही लगेच सांगायचं, कारण पेशंटचा खरा प्रश्न तोच असतो.

डबल ब्लाइंडला: "कुठली गोळी मिळतेय ते तुम्हाला माहीत नसतं, आम्हालाही नसतं. पण तातडीची वेळ आली तर लगेच उघडून बघता येतं."

थांबा: तोंडी समजावताना तुमचे शब्द चालतात, फॉर्मवर नाही. छापलेल्या फॉर्मवर पेनाने शब्द बदलायचा, कंसात सोपा अर्थ लिहायचा, हे करू नका. भाषांतर खरंच वाईट असेल तर स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीला, लेखी कळवा, दुरुस्त फॉर्म परत ईसीकडे जाऊ दे. महिना जातो, जाऊ दे.

आणि पेशंटची भाषा मराठी आहे असं गृहीत धरू नका. सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारे असतात, धुळे-जळगावकडे घरात अहिराणी चालते, मेळघाटात कोरकू. अहिराणीवाल्याला मराठी वाचता येत असेल तर प्रश्न नाही, पण मराठी नुसती ओपीडीपुरती येणाऱ्या माणसासाठी त्याच्या भाषेतला मंजूर फॉर्म लागतो.

टप्पा ३: खोली, वेळ, माणसं

ओपीडीच्या टेबलावर, मागे वीस पेशंट उभे असताना संमती होत नाही. दार लागेल अशी खोली बघा, तीन-चार खुर्च्या, पाणी. ओपीडी संपल्यावरची वेळ ठरवा. पेशंटला आधीच सांगा की घरचं कुणीतरी घेऊन या, ज्याच्याशी तुम्ही मोकळं बोलता असं. मुलगा शहरात असेल तर तो फोनवर चालेल, पण घरात निर्णय सुनेला विचारून होत असेल तर सूनच आलेली बरी.

पेशंटला वाचता-लिहिता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीत बसलेला पाहिजे. सही करायच्या वेळी बाहेरून कुणाला तरी "दोन मिनिटं या हो" म्हणून बोलावलेला साक्षीदार हा साक्षीदार नाही. ट्रायलच्या टीममधला, पीआय डॉक्टरांच्या हाताखालचा, त्यांना नाही म्हणू न शकणारा कुणीही नको, म्हणजे त्यांच्याच वॉर्डातली सिस्टर नको. दुसऱ्या वॉर्डातल्या पेशंटचा शिकलेला नातेवाईक, पेशंटच्या गावचे शिक्षक, असा कुणीतरी ज्याला ट्रायलशी देणंघेणं नाही. आम्ही अशा तीन-चार लोकांना विचारून ठेवलंय, एक रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत, बोलावलं की येतात आणि पेशंटपेक्षा जास्त प्रश्न तेच विचारतात.

तपासा: पेशंटला "उपाशी या" सांगितलंय का? फक्त ट्रायलसाठी उपाशी बोलावणं हीसुद्धा ट्रायलचीच प्रोसिजर झाली, संमतीच्या आधी ते नाही. पहिल्या भेटीला पोटभर जेवून यायला सांगा. तसंच, आधीची औषधं बंद करायची असतील तर ती संमतीनंतरच. "चार दिवस आधीच गोळी बंद करा म्हणजे वेळ वाचेल" असं फोनवर सांगितलं तर ती फार गंभीर चूक आहे, त्या चार दिवसांत पेशंटला काही झालं तर काय?

टप्पा ४: पहिलं बोलणं

या भेटीला पेन काढायचंच नाही. मी खरंच पेन बाहेर ठेवून जाते.

सुरुवात तुमच्या ट्रायलने करू नका, पेशंटच्या आजाराने करा, त्याला काय होतंय, आत्ता काय औषध चालू आहे, ट्रायलमध्ये नाही आलं तर इथे कुठले उपचार मिळतील. हे शेवटचं आधी सांगायचं, कारण पेशंटच्या मनात एकच भीती असते की नाही म्हटलं तर डॉक्टर बघणार नाहीत. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन व्हायचं असेल तर अजून मोठी भीती असते की योजनेतून नाव काढतील. तोंडाने स्पष्ट सांगा, "योजनेचा आणि याचा काही संबंध नाही, नाही म्हणालात तरी तुमचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होणार."

मग ट्रायल. किती महिने, किती वेळा यावं लागणार, प्रत्येक वेळी किती रक्त, ते मिलीलिटरमध्ये सांगू नका, चमच्यात सांगा. कुठला त्रास आतापर्यंत दिसलाय. फायदा होईलच असं नाही. प्रवासखर्च किती मिळणार, तोही ईसीने मंजूर केलेलाच आकडा, कमी नाही आणि आमिष म्हणून जास्तही नाही. ट्रायलच्या तपासण्यांचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत, हे बिलिंग काउंटरलाही सांगून ठेवा नाहीतर तिथला मुलगा पावती फाडतो.

इजा झाली तर काय, हा भाग बहुतेक जण गुळमुळीत उरकतात. नीट सांगा. ट्रायल चालू असताना इजा झाली तर, त्या इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत, डॉक्टरांच्या मते गरज असेल तोवर उपचार मोफत. इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळे झाला असेल तर नुकसानभरपाई. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमांतच दिलंय, ८ लाख रुपये हा पायाभूत आकडा धरून वय आणि आजाराची जोखीम यावरून रक्कम निघते. मृत्यूचं नाव काढलं की पेशंट घाबरून जाईल असं डॉक्टरांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, लोक शांतपणे ऐकतात आणि त्यानंतरच मोकळे प्रश्न विचारतात.

थांबा: "डॉक्टरसाहेब म्हणतील तसं." हे वाक्य आलं की ती संमती नाही. पेशंट विश्वासाने बोलतोय, पण तो ट्रायलला हो म्हणत नाहीये, डॉक्टरांना हो म्हणतोय. अशा वेळी आमचे सर उठून बाहेर जातात आणि मी पेशंटला विचारते, सर नसते आणि मी शेजारीण असते तर काय म्हणाला असतात? पुष्कळदा तेव्हा खरं बाहेर येतं, "एवढ्या वेळा यायला मला नाही जमायचं, शेतावर कोण जाणार." बरं झालं आत्ताच कळलं.

टप्पा ५: घरी जाऊ द्या

माहितीपत्रक हातात देऊन पेशंटला घरी पाठवा. किमान एक रात्र मध्ये जाऊ दे, इमर्जन्सीची ट्रायल नसेल तर. डॉक्टरांना वाटतं पेशंट परत येणार नाही, आणि खरंय, काही येत नाहीत. जे येत नाहीत ते तिसऱ्या व्हिजिटला सोडून गेलेच असते.

घरी देताना माहितीपत्रकावरचे दोन फोन नंबर पेन्सिलने गोल करून दाखवा, एक डॉक्टरांचा आणि एक ईसीचा. देण्याआधी ते दोन्ही नंबर स्वतः लावून बघा. आमच्या एका फॉर्मवर ईसीचा जो लँडलाइन छापला होता तो दोन वर्षं बंद होता आणि चार जणांच्या हातात तो फॉर्म गेलेला.

टप्पा ६: पेशंटच्या तोंडून ऐका

दुसऱ्या भेटीला "समजलं ना?" विचारू नका. आपल्याकडे कुणीही मोठ्या माणसाला "नाही समजलं" म्हणत नाही. त्याऐवजी म्हणा, "काका, घरी जाऊन सूनबाईंना हे कसं सांगाल ते मला सांगा." मग गप्प बसा.

सहा गोष्टी त्यांच्या शब्दांत आल्या पाहिजेत: हे औषध अजून तपासताहेत, कुठलं मिळणार ते नक्की नाही, काय त्रास होऊ शकतो, किती वेळा यायचं, त्रास झाला तर कुणाला फोन, आणि कधीही सोडता येतं. एखादी राहिली तर ती परत समजावा आणि परत विचारा. शेवटची बहुतेकांची राहते. एक काका सगळं बरोबर सांगून म्हणाले, "आणि सही केली की वर्षभर बांधलो." सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

टप्पा ७: रेकॉर्डिंग लागत असेल तर

नवीन रसायनाच्या किंवा नवीन रेणूच्या औषधाची ट्रायल असेल आणि पेशंट व्हल्नरेबल गटातला असेल, म्हणजे अगदी गरीब, बेकार, असाध्य आजाराचा, इमर्जन्सीतला वगैरे, तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग ठेवावंच लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना फक्त ऑडिओ. आमच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी कोण यात बसतं आणि कोण नाही यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही अशा ट्रायलमध्ये सगळ्यांचंच करतो.

लोक चूक कुठे करतात तर फक्त सहीचे दोन मिनिटं शूट करतात. नियमाला माहिती देणं आणि पेशंटला ते समजणं, दोन्ही रेकॉर्डमध्ये हवं. म्हणजे दुसऱ्या भेटीला कॅमेरा चालू करून सगळं पुन्हा सांगायचं, टप्पा ६ सकट. आधी रेकॉर्डिंगला परवानगी विचारा. पेशंट, डॉक्टर आणि साक्षीदार तिघांचे चेहरे एका चौकटीत पाहिजेत. पंखा बंद करा, उन्हाळ्यात त्रास होतो पण पंख्याच्या घरघरीत आजींचा आवाज गायब होतो. मध्ये थांबवून जोडायचं नाही, सलग.

तपासा: पेशंट खोलीतून बाहेर जायच्या आधी रेकॉर्डिंग सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून ऐका. स्वतःच्या मोबाइलवर शूट करू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात पाठवू नका. पासवर्ड असलेल्या दोन ठिकाणी, नावाऐवजी कोड नंबर टाकून ठेवा.

टप्पा ८: आता पेन

इथून पुढे घाई नको, एकेक ओळ.

आधी माहितीचा भाग: पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, नॉमिनीचं नाव, पत्ता आणि नातं. उत्पन्न विचारलं की पेशंट दचकतो, रेशनकार्ड जाईल का, योजना बंद होईल का. त्याला सांगा की हा आकडा फॉर्मच्या नमुन्यात आहे म्हणून लिहितोय, भरपाईच्या सूत्रात पेशंटचं उत्पन्न येतच नाही. नॉमिनी न विचारता नवऱ्याचं नाव लिहून टाकायची सवय सोडा. एका ताईंनी नवऱ्याऐवजी आईचं नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तिचा पैसा कुणाकडे जावा हे ती ठरवणार.

मग संमतीपत्रकातली विधानं, त्यांच्यापुढे छोटे चौकोन असतात. त्या प्रत्येक चौकोनात पेशंटने स्वतः आद्याक्षरं घालायची, तुम्ही बरोबरच्या खुणा करायच्या नाहीत. तिसरं विधान वाचून समजवाच, की स्पॉन्सर कंपनीची माणसं, ईसी आणि सरकारी अधिकारी तुमचे आजाराचे कागद बघू शकतील, पण तुमचं नाव बाहेर जाणार नाही.

सहीचा क्रम असा: पेशंट, मग साक्षीदार असेल तर तो, मग डॉक्टर. प्रत्येकाने आपली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायची. अंगठा असेल तर ठशाशेजारी पेशंटचं नाव आणि तारीख साक्षीदाराने लिहावी आणि तसं नोटमध्ये नोंदवावं. डॉक्टर "मी संध्याकाळी एकदम दहा फॉर्मवर सही करतो" म्हणाले तर गोड बोलून त्यांना खोलीतच थांबवा, सगळ्यांच्या वेळा त्याच बैठकीतल्या दिसल्या पाहिजेत.

थांबा: तारीख राहिली असं पेशंट गेल्यावर कळलं तर मागची तारीख घालून घेऊ नका. पुढच्या व्हिजिटला पेशंट त्या दिवसाची तारीख घालेल, तुम्ही काय झालं ते नोटमध्ये लिहा, डेव्हिएशन कळवा. व्हाइटनर वापरायचं नाही. चूक झाली तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहून ज्याने चूक केली त्यानेच सही आणि तारीख. डेव्हिएशन कळवून माणूस सुटतो, मागची तारीख सापडली तर अख्ख्या साइटवरचा विश्वास जातो.

लहान मुलांच्या ट्रायलमध्ये आईवडिलांच्या सहीबरोबर मुलाचंही म्हणणं लागतं, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचं तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत वेगळ्या फॉर्मवर लेखी. मूल मान हलवून नाही म्हणतंय आणि आई "करेल हो तो" म्हणतेय, तर ते नाहीच धरा.

टप्पा ९: त्याच दिवशी

भरलेल्या, सह्या झालेल्या फॉर्मची एक प्रत पेशंटला किंवा सोबतच्या माणसाला त्याच वेळी द्या. झेरॉक्स मशीन बंद आहे, पुढच्या वेळी देऊ, असं केलं की ती प्रत कधीच जात नाही.

पेशंटच्या केसपेपरवर संमतीची नोट लिहा. "संमती घेतली" एवढ्या दोन शब्दांची नोट मॉनिटर मान्य करत नाही आणि करूही नये. कुठल्या तारखेला माहितीपत्रक दिलं, कुठल्या भाषेत बोललो, खोलीत कोण कोण होतं, पेशंटने काय विचारलं आणि काय उत्तर दिलं, कुठलं व्हर्जन, सही किती वाजता, प्रत दिली. पेशंटचे प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. "दारू चालंल का विचारलं, डॉक्टरांनी चालणार नाही सांगितलं." अशी नोट दहा वर्षांनी वाचली तरी त्या दिवशी खरंच बोलणं झालं होतं हे कळतं.

आता, फक्त आता, रक्त. नळीवरची वेळ सहीच्या वेळेनंतरची आहे ना ते बघा. लॅबवाल्याला सांगून ठेवा की ट्रायलच्या पेशंटला माझी चिठ्ठी असल्याशिवाय सुई लावायची नाही. आमच्याकडे ती चिठ्ठी पिवळ्या कागदाची आहे, लांबून दिसते.

तपासा: पेशंटकडे कार्ड दिलं का, ज्यावर ट्रायलचं नाव आणि चोवीस तास लागणारा नंबर आहे? पाकिटात नाही, औषधाच्या पिशवीत ठेवायला सांगा. गावच्या डॉक्टरांना दाखवायलाही सांगा.

टप्पा १०: सही झाली तरी संमती चालूच

माहितीपत्रक बदललं, नवीन साइड इफेक्ट कळला, तर जुन्या पेशंटचीही नवीन फॉर्मवर परत संमती घ्यावी लागते, ईसीने तसं सांगितलं असेल तेव्हा लगेच पुढच्याच व्हिजिटला, आणि व्हिजिटमधलं बाकी काहीही करायच्या आधी. तीही सही म्हणून नाही, काय बदललं ते नीट सांगून. मी बदललेल्या ओळी हायलाइट केलेली एक वाचायची प्रत वेगळी ठेवते.

पेशंटला सोडायचं असेल तर कारण विचारता येतं, पण कारण सांगितलंच पाहिजे अशी अट नाही. "एवढे महिने केलंत, आता दोनच व्हिजिट राहिल्यात" असं गळ घालून थांबवू नका. औषध एकदम बंद केल्याने धोका असेल तर तेवढी शेवटची तपासणी सुचवा आणि नेहमीचे उपचार कुठून सुरू करायचे ते सांगूनच पाठवा.

ॲडमिशनचं मात्र पहिल्या दिवसापासून परत परत सांगत राहा. गंभीर घटना घडली, म्हणजे पेशंट कुठेही ॲडमिट झाला, जिवावर बेतलं, मृत्यू झाला, तर डॉक्टरांनी २४ तासांत सीडीएससीओ, स्पॉन्सर आणि ईसी तिघांना कळवायचं असतं. पुढे १४ दिवसांत डॉक्टर आणि स्पॉन्सर यांचे सविस्तर अहवाल. उशीर झाला तर उशिराचं कारणही लेखी द्यावं लागतं. प्रत्यक्षात होतं असं की पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावून घरी येतो आणि महिन्याने व्हिजिटला आला की सहज सांगतो, "मधी जरा ॲडमिट होतो, पण आता बरंय." त्याला ती ट्रायलची गोष्ट वाटतच नाही. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी घरच्या माणसाला फोन करते आणि तब्येत कशी आहे असं विचारत नाही, "मधल्या काळात कुठे सुई, सलाइन, ॲडमिट?" असं विचारते. मागच्या पावसाळ्यात एका काकूंच्या मुलाने त्या फोनवरच सांगितलं की आई रात्रीपासून सिव्हिलला आहे. सकाळचे सव्वानऊ झाले होते, अकराच्या आत तिन्हीकडे रिपोर्ट गेला आणि आमचे सर दुपारी स्वतः सिव्हिलला जाऊन काकूंना भेटून आले.